टॅबलेटवर कोड कसा लिहावा: लॅपटॉप नसताना, फक्त बोटांनी

टॅबलेटवर कोड लिहायला बसलं की अक्षरांपाशी काही अडत नाही. चॅटिंग करून करून इंग्रजी अक्षरांवर सगळ्यांचीच बोटं बसलेली असतात. अडतं ते चिन्हांपाशी. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, एक महिरपी कंस हवा असेल तर आधी अंकांचं पान उघडा, मग चिन्हांचं दुसरं पान, मग कंस दाबा आणि परत अक्षरांकडे या. लॅपटॉपवर हेच काम शिफ्ट धरून एका दाबात होतं. दुसरी अडचण कर्सरची. बोटाचं टोक पडद्यावरच्या अक्षरापेक्षा रुंद असतं, त्यामुळे दोन अक्षरांच्या मधोमध कर्सर बसवणं म्हणजे नेम धरण्याचा खेळ होतो. कंस आणि कर्सर, या दोन गोष्टी मार्गी लागल्या की टॅबवर कोड लिहिणं बऱ्यापैकी सुसह्य होतं. म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

उदाहरण अँड्रॉइड टॅबचं आणि पायथन भाषेचं घेतो. आयपॅडबद्दल शेवटाकडे थोडं आहे. आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टॅबवर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाकायची.

आधी दोन अ‍ॅप बसवा

एक टर्मक्स आणि दुसरं एकोड. टर्मक्समुळे अँड्रॉइडवर लिनक्ससारखं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकून काम करायची खिडकी, मिळतं. त्यात पायथन, गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन), नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) असं बरंच काही बसवता येतं. एकोड हा टचसाठीच बनवलेला मोफत कोड एडिटर आहे. टर्मक्स प्ले स्टोअरऐवजी एफ-ड्रॉइड या मुक्त अ‍ॅपच्या भांडारातून किंवा गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरून घ्या. अँड्रॉइड १० पासून अ‍ॅपने स्वतःच्या जागेत उतरवलेले प्रोग्राम चालवण्यावर बंधनं आली, म्हणून प्ले स्टोअरवरची आवृत्ती बराच काळ जुनीच राहिली होती. टर्मक्सची जोड-अ‍ॅप लागली तर तीही त्याच ठिकाणाहून घ्या. वेगवेगळ्या ठिकाणच्या अ‍ॅपच्या डिजिटल सह्या जुळत नाहीत आणि ती बसतच नाहीत.

टर्मक्स उघडून ‘पीकेजी अपग्रेड’ चालवा, मग ‘पीकेजी इन्स्टॉल पायथन गिट मायक्रो’. मायक्रो हा टर्मिनलमधलाच साधा एडिटर आहे. त्यात कंट्रोल-एसने फाइल जतन होते, म्हणजे नवं काही शिकावं लागत नाही. त्यानंतर एकोडमध्ये नवीन फोल्डर जोडताना फाइल निवडायची जी खिडकी उघडते, तिच्या बाजूच्या यादीत टर्मक्स दिसेल. ते निवडलं की टर्मक्समधल्या फाइली एकोडमध्ये उघडता येतात. लिहायचं एकोडमध्ये, चालवायचं टर्मक्समध्ये. पडदा दोन भागांत विभागून दोन्ही शेजारी ठेवता येतात, पण दहा इंचांपेक्षा लहान टॅबवर तसं करण्यात अर्थ नाही. अलीकडच्या अ‍ॅपच्या बटणाने इकडून तिकडे उडी मारणं जास्त सोपं.

कोडचं फोल्डर डाउनलोड्समध्ये किंवा मेमरी कार्डावर ठेवायचा मोह होईल. तो टाळा. अँड्रॉइडच्या त्या सामायिक जागेत फाइलला ‘चालवण्याची’ परवानगी देता येत नाही आणि सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली, बनत नाहीत. त्यामुळे पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रकल्पापुरती वेगळी ठेवलेली पॅकेजेस) तिथे मोडतं आणि नोडची पॅकेजेसही रुसतात. फोल्डरचा मालक भलताच दिसतो म्हणून गिटही संशय घेऊन अडून बसतं. प्रकल्प टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्येच असू द्या.

चिन्हांची सोय

टर्मक्समध्ये कीबोर्डच्या वर जादा बटणांच्या दोन ओळी असतात: एस्केप, टॅब, कंट्रोल, ऑल्ट, बाण वगैरे. या ओळी हव्या तशा बदलता येतात, हे फार जणांना माहीत नसतं. होममध्ये डॉट-टर्मक्स नावाचं लपलेलं फोल्डर आहे, त्यात टर्मक्स-डॉट-प्रॉपर्टीज ही फाइल आहे. तिच्यात ‘एक्स्ट्रा-कीज’ने सुरू होणारी ओळ शोधा. चौकटी कंसात चौकटी कंस अशी रचना असते आणि आतला प्रत्येक कंस म्हणजे बटणांची एक ओळ. तिथे तिसरी ओळ जोडा: दोन्ही महिरपी कंस, दोन्ही चौकटी कंस, अधोरेखा, बरोबरचं चिन्ह, अवतरणचिन्ह. फाइल जतन करून ‘टर्मक्स-रीलोड-सेटिंग्ज’ चालवलं की नवी ओळ दिसते. एका बटणावर दोन चिन्हंही ठेवता येतात: टिचकी मारली तर एक, बोट वर सरकवलं तर दुसरं. उघडणारा कंस टिचकीवर आणि बंद होणारा वर सरकवण्यावर ठेवलात तर जागा निम्मी लागते.

आवाजाची बटणंही कामाची आहेत. आवाज कमी करायचं बटण धरलं की ते कंट्रोलचं काम करतं. आवाज वाढवायचं बटण धरून डब्ल्यू, ए, एस, डी दाबलं तर बाण मिळतात, टी दाबलं तर टॅब, ई दाबलं तर एस्केप. टॅबलेट दोन्ही हातांत धरून बसलेल्या माणसाला हे फार सोयीचं पडतं.

एकोडमध्येही तळाशी साधनांची पट्टी आहे. ती सेटिंगमधून चालू करा. पण दोन्ही अ‍ॅपमध्ये एकसारखी सोय हवी असेल तर कीबोर्डच बदलावा, असं माझं मत आहे. एफ-ड्रॉइडवर अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड नावाचा मोफत कीबोर्ड आहे, तो मुळात टर्मक्स वापरणाऱ्या प्रोग्रामरांसाठीच बनवला गेला. प्रत्येक कळीच्या कोपऱ्यांत चिन्हं असतात आणि कळीवरून त्या कोपऱ्याच्या दिशेने बोट ओढलं की ते चिन्ह उमटतं. पानं बदलायची भानगडच नाही. सुरुवातीला हात अडखळतो, मग जीबोर्डवर परत जावंसं वाटत नाही. घरच्या सगळ्यांचा मिळून एकच टॅब असेल तर मात्र दोन्ही कीबोर्ड ठेवा, नाहीतर आईला मेसेज लिहिताना वैताग येईल.

जीबोर्डच ठेवायचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये तीन गोष्टी बंद करा: शब्द आपोआप दुरुस्त करणं, वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करणं आणि दोनदा स्पेस दाबल्यावर पूर्णविराम देणं. पायथनला प्रिंटमधला ‘पी’ मोठा चालत नाही, आणि दोन स्पेसच्या जागी आलेला ठिपका शोधताना डोळे दुखतात.

कर्सर बोटाने बसवू नका

बोट हे लांबच्या उडीसाठी वापरा, बारीक कामासाठी नाही. ज्या ओळीवर जायचं तिच्यावर कुठेही टिचकी मारा आणि तिथून पुढे बाणांनी सरका. जीबोर्डवर स्पेसच्या कळीवर बोट डावी-उजवीकडे घासलं की कर्सर एकेक अक्षर सरकतो. आयपॅडवर स्पेस दाबून धरली की अख्खा कीबोर्ड ट्रॅकपॅडसारखा चालतो. शब्द निवडायला दोनदा टिचकी मारा. निवडीच्या कडेचे ते दोन थेंब ओढत ओढत तीन ओळी निवडण्याच्या फंदात पडू नका. बोटाखाली मजकूर झाकला जातो आणि एक कंस हमखास बाहेर राहतो.

इथे एक जुनं हत्यार कामाला येतं. विम हा एडिटर ज्या काळात माउस सर्रास नव्हते त्या काळच्या व्हीआय या एडिटरच्या वंशातला आहे, म्हणूनच तो टचवर इतका चपखल बसतो. डी दोनदा दाबलं की ओळ गेली. कर्सर कंसाच्या आत कुठेही असताना सी, आय आणि उघडणारा कंस ओळीने दाबले की आतला सगळा मजकूर पुसला जातो आणि नवं लिहायला जागा तयार होते. नेम धरायला नको, काही निवडायला नको, कुठलं बटण धरून ठेवायला नको. शिकायला वेळ लागतो हे खरं. ज्यांचं बरंचसं काम टॅबवरच होणार आहे त्यांनी तो वेळ द्यावा. अधूनमधून एखादी दुरुस्ती करणाऱ्यांना मायक्रो पुरेसा आहे.

टॅब आडवा धरला की कीबोर्ड साधारण अर्धा पडदा खातो आणि कोडच्या जेमतेम काही ओळी उरतात. म्हणून वाचताना आडवा, लिहिताना उभा. उभ्या पडद्यावर लांब ओळी दुमडतात, तेव्हा एकोडमध्ये टेक्स्ट रॅप चालू ठेवा आणि ओळी आखूडच लिहा. फंक्शनही एका पडद्यात मावेल एवढंच ठेवा. टर्मक्समध्ये दोन बोटांनी चिमटा काढून अक्षरं लहानमोठी करता येतात.

मराठी कीबोर्डचा घोळ

आपल्यासारख्या दोन लिप्यांत टंकणाऱ्यांना एक खास अडचण येते. समजा, महिन्याच्या दुधाचा हिशेब करणारा छोटा प्रोग्राम लिहिताय. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव ‘दर’ किंवा ‘लिटर’ असं देवनागरीत दिलेलं चालतं. पण कोडमध्ये मराठी अंकांत ६० लिहिलं, तर पायथन चूक दाखवून थांबतं. गंमत अशी, की प्रोग्राम चालू असताना वापरणाऱ्याने मराठी अंकांत ६० टाकलं आणि तुम्ही ते ‘इंट’मधून, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनमधून, काढलं, तर पायथन ते बिनतक्रार वाचतं. थोडक्यात, माहिती म्हणून आलेले मराठी अंक चालतात, कोडमध्ये लिहिलेले चालत नाहीत. कोड लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा, मराठी फक्त कॉमेंटसाठी आणि अवतरणातल्या मजकुरासाठी. मराठी कॉमेंट एकोडमध्ये लिहा, कारण टर्मिनलच्या ठरीव रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरं अनेकदा तुटलेली दिसतात. लांब कॉमेंट असेल तर सरळ बोलून टाका, मराठी व्हॉइस टायपिंग त्यासाठी उत्तम आहे. कोड मात्र बोलून लिहायचा प्रयत्न करू नका.

कमी टंका

टर्मक्समध्ये फाइलच्या नावाची पहिली दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, नाव पुरं होतं. वरचा बाण दाबला की आधीची आज्ञा परत येते आणि कंट्रोल-आरने जुन्या आज्ञांत शोधता येतं. रोज लागणाऱ्या आज्ञांना डॉट-बॅशआरसी या फाइलमध्ये एका अक्षराची टोपणनावं द्या. कोड बदलला, टर्मक्समध्ये आलं, एक अक्षर आणि एंटर, प्रोग्राम चालला. हे चक्र जितकं छोटं तितके टॅबवर कमी हाल. थोडं लिहून लगेच चालवण्याची सवयही त्यामुळेच लागते, कारण पन्नास ओळींत हरवलेला कंस पडद्यावर शोधणं जिकिरीचं आहे.

मध्येच सगळं बंद पडलं तर

टर्मक्स अचानक ‘सिग्नल ९’ असं सांगून बंद झाला तर दोष तुमच्या कोडचा नसण्याची शक्यता मोठी. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपनी चालवलेल्या उपप्रक्रिया ३२ च्या वर गेल्या की प्रणाली त्या मारून टाकते. अँड्रॉइड १४ मध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये हे बंधन काढायचा पर्याय आहे. शिवाय टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळा, आणि लांबलचक काम चालू असेल तर टॅबला झोपू न देणारी ‘टर्मक्स-वेक-लॉक’ ही आज्ञा द्या.

आयपॅड असेल तर

तिथे टर्मक्ससारखी मोकळीक नाही. पायथनसाठी पायथोनिस्टा, गिटसाठी वर्किंग कॉपी आणि टर्मिनलसाठी ए-शेल ही जोडणी चांगली चालते. स्विफ्ट शिकायचं असेल तर अ‍ॅपलचं स्विफ्ट प्लेग्राउंड्स आहेच. २०२१ च्या अखेरीपासून त्यातून अ‍ॅप बनवून थेट अ‍ॅप स्टोअरकडे पाठवता येतं. सेटिंगमध्ये कीबोर्डखालचं ‘स्मार्ट पंक्चुएशन’ पहिल्याच दिवशी बंद करा. ते सरळ अवतरणचिन्हं वळणदार करतं आणि कोड मोडतो. आयपॅडच्या कीबोर्डवर कळ खाली ओढली की तिच्यावरचं फिकट चिन्ह उमटतं, त्याचा सराव करा.

अ‍ॅप बसवायला मनाई असेल तर

शाळेकडून किंवा एखाद्या संस्थेकडून मिळालेल्या टॅबवर बाहेरची अ‍ॅप अनेकदा बसवू देत नाहीत. तेव्हा ब्राउझर हाच मार्ग. पायथनच्या सरावासाठी गूगल कोलॅब सोपं आहे. गिटहब कोडस्पेसेस म्हणजे ब्राउझरमधून वापरायचं दूरचं यंत्र, त्यात व्हीएस कोड हा एडिटर उघडतो. तिथे मोफत वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत मिळतात. दोन कोअरच्या यंत्रावर ते ६० तास भरतात. मात्र ब्राउझरमधला व्हीएस कोड हा माउसवाल्यांसाठी घडवलेला आहे, बोटांनी तो चालवणं कष्टाचं आहे. तिथे ब्लूटूथ कीबोर्ड घ्याच.

कोड सुरक्षित ठेवा

टर्मक्स काढून टाकला की त्याचं होम फोल्डर पुसलं जातं, आतल्या सगळ्या प्रकल्पांसकट. टॅब रिसेट केला तरी तेच. म्हणून दिवसाचं काम संपताना गिट कमिट (बदल नोंदवणं) आणि गिट पुश (ते गिटहबवर पाठवणं). गिटहब ऑगस्ट २०२१ पासून पुशसाठी खात्याचा पासवर्ड घेत नाही. तिथे पर्सनल अ‍ॅक्सेस टोकन बनवा, किंवा ‘पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच’ करून ‘एसएसएच-कीजेन’ने चावी तयार करा आणि तिचा सार्वजनिक भाग, म्हणजे डॉट-पब ही फाइल, गिटहबच्या सेटिंगमध्ये चिकटवा. मला चावी बरी वाटते. टोकनची ती लांबलचक माळ टॅबवर पुन्हा पुन्हा डकवावी लागत नाही.