बाळाला लस देताना रडणं कमी कसं करायचं
दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशींना मांडीत सुई असते, तेव्हा बाळाला टेबलावर आडवं झोपवू नका, मांडीवरच घ्या. तोंडातले डोस आधी द्यायला सांगा आणि मग सुई टोचायच्या थोडं आधीच अंगावर पाजायला सुरुवात करा, टोचताना आणि नंतरही पाजतच राहा, खरंच खूप फरक पडतो, नर्सताईंना आधीच सांगून ठेवा म्हणजे त्या थांबतात. आईने स्वतः घाबरायचं नाही, बाळाला ते लगेच कळतं.
नंतर ती जागा चोळू नका प्लीज, हळद वगैरे पण नको. सूज आली तर स्वच्छ गार पाण्याची ओली पट्टी ठेवा. ताप आला तर पॅरासिटामॉल, पण डोस बाळाच्या वजनावर असतो, तो डॉक्टरांनाच विचारा.