शू चार दिवसांत जमते, शीला वेळ लागतो: लहान मुलांचं डायपर सोडवताना

मी डोंबिवलीत १४ वर्षं पाळणाघर चालवतेय. आईबाबा सकाळी साडेसातच्या लोकलला पळतात आणि मूल दिवसभर माझ्याकडे, त्यामुळे डायपर सोडवायचं काम बरेचदा माझ्याच वाट्याला येतं, घरची दोन आणि पाळणाघरातली साठ-सत्तर तरी मुलं झाली असतील आत्तापर्यंत. दर वर्षी मार्च उजाडला की तेच सुरू होतं, जूनमध्ये प्लेग्रुपला घालायचंय, शाळेत डायपर चालत नाही म्हणे, ताई मी व्हिडिओ बघितला तीन दिवसांत होतं. शूचं होतं एखादवेळेस तीन दिवसांत. शीचं होत नाही, आणि तिथे घाई केली तर पुढचे कित्येक महिने निस्तरत बसावं लागतं. माझ्या धाकट्याच्या वेळी मी तेच करून बसले होते म्हणून एवढं ठासून सांगतेय.

कधी सुरू करायचं

नुसतं वय बघू नका. १८ महिने ते ३ वर्षं यात कधीही मूल तयार होऊ शकतं, मुलगे जरा उशिराच. मी काय बघते, तर दुपारी झोपून उठल्यावर डायपर कोरडं असतं का, किंवा जागेपणी सलग दोन तास कोरडं राहतं का, कारण त्याचा अर्थ पोटात शू साठवून ठेवता यायला लागलीये. चड्डी स्वतः खाली ओढता येते का. चप्पल उचल आणि बाबाला नेऊन दे, असं एका दमात सांगितलं तर दोन्ही कामं करतं का. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे शी करायच्या वेळी पडद्यामागे किंवा दाराआड जाऊन गप्प उभं राहतं का. आया तक्रार करतात की लपून करतो, अहो लपतोय म्हणजे येणार आहे हे त्याला आधी कळतंय, तेच तर हवंय आपल्याला.

आमची मुलं वर्षाच्या आत मोकळी झाली होती, असं सासूबाई म्हणतात ते खोटं नसतं. लंगोट भिजला की लगेच कळायचं, बाळाला दोन्ही पायांवर धरून शू शू आवाज काढायचा, आणि बाळाचं तोंड बघून ओळखणारं कुणीतरी घरात दिवसभर असायचं. तुमच्या घरी आजही तसं कुणी असेल तर बिनधास्त करा, चांगलीच पद्धत आहे ती. पण मूल दहा तास बाहेर राहत असेल तर त्या हिशोबाने स्वतःला दोष देत बसू नका.

घरात नवं बाळ आलंय, घर बदललंय, मूल नुकतंच तापातून उठलंय, अशा वेळी थांबा. आणि पावसाळ्यात तर सुरूच करू नका. जुलैत आमच्याकडे साध्या पंचाला तीन दिवस ओल जात नाही, रोजच्या दहा चड्ड्या वाळवायच्या कुठे. फेब्रुवारी ते मे सगळ्यात सोपं, मूल नुसत्या चड्डीवर फिरतं, फरशी पुसली की झालं.

शूचा भाग

हा सोपा आहे. बारा चड्ड्या आणा, जागेपणी डायपर पूर्ण बंद, ते चड्डीसारखं ओढून घालायचं डायपरही नको कारण मुलाला त्यात काही फरकच कळत नाही. उठल्यावर, खाऊनंतर, आंघोळीआधी, बाहेर पडताना न्यायचं, दर पंधरा मिनिटांनी नाही. शू आली का असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार, चल शू करून येऊ म्हणायचं आणि हात धरायचा. मुलग्यांनाही आधी बसूनच शिकवा. मुलींना पुढून मागे धुवायचं, कधीही उलट नाही, नाहीतर इन्फेक्शन होतं. सांडलं तर पुसायचं, ओरडायचं नाही. घरी डायपर आणि माझ्याकडे चड्डी असं केलंत तर महिनाभर काही होणार नाही, दोन्हीकडे एकच नियम हवा. बास.

आता शी

इथे नीट लक्ष द्या. शू छान जमलेलं मूल शीसाठी डायपर मागतं, किंवा मागतही नाही, नुसतं धरून ठेवतं. दोन दिवस, चार दिवस. आणि तुम्हाला वाटतं तो जोर लावतोय. टाचा उचलून, पाय आवळून, सोफ्याला धरून उभं राहायचं, तोंड लालबुंद, घाम आलेला. हे कुंथणं नाहीये. तो ती आत दाबतोय. माझा मुलगा २ वर्षं ८ महिन्यांचा होता तेव्हा मला हे माहीत नव्हतं, मी शेजारी उभी राहून जोर लाव राजा, अजून जोर लाव म्हणत होते आणि तो जिवाच्या आकांताने उलटंच करत होता.

त्याचं झालं असं की मे महिन्यात एका लग्नाला नागपूरला गेलो, प्रवासात पाणी कमी, जेवण वेळी-अवेळी, आणि परत आल्यावर एकदा खडा झाला. चीर पडली, दोन थेंब रक्त आलं. तेवढं एकदाच, पण मुलाच्या डोक्यात पक्कं बसलं की शी म्हणजे दुखतं. मग धरून ठेवायला लागला. आता बघा यात काय होतं, शी जितकी आत राहते तितकं आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती अजून कडक होते, बाहेर येताना अजून दुखते, म्हणून मूल अजून धरून ठेवतं. आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं की आतड्याचा शेवटचा भाग ताणून मोठा होतो आणि मग आली आहे हेच मुलाला नीट कळेनासं होतं. हट्ट नसतो तो. हट्टी म्हणून मी त्याला एक धपाटा घातला होता, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सहाव्या दिवशी घरातल्या मोठ्यांनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून आत घातला. काही घरांत साबणाची बारीक कांडी घालतात. कृपा करून हे करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी नाही. शी होते, हो, त्या दिवशी होते. पण आधीच दुखऱ्या जागी चार जणांनी हातपाय धरून काहीतरी घातलं एवढंच मुलाच्या लक्षात राहतं, आणि साबणाने आत चुरचुरतं ते वेगळंच. त्यानंतर माझा मुलगा बाथरूमच्या दारातच रडायला लागायचा, आंघोळीला सुद्धा जाईना.

मग जून उजाडला आणि त्याच्या चड्डीला दिवसातून पाच-सहा वेळा पातळ डाग लागायला लागले. मला वाटलं जुलाब होतायत. मी भाज्या बंद केल्या, दहीभात आणि केळं चालू केलं. सगळं चुकलं. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी त्याला आडवं झोपवलं, पोटावर बोटं फिरवली आणि माझा हात घेऊन डाव्या बाजूला खाली ठेवला. दगडासारखे गोळे लागत होते हाताला. आत गच्च भरलंय आणि पातळ शी त्याच्या कडेने झिरपतेय, म्हणाले. जुलाब नव्हतेच ते. म्हणून सांगते, शी धरून ठेवणाऱ्या मुलाच्या चड्डीला एकदम डाग लागायला लागले तर जुलाबाचं औषध देऊ नका, आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या.

त्यांनी शी मऊ करणारं औषध दिलं. लॅक्टुलोजचं सिरप किंवा पाण्यात मिसळायची पावडर असते, मुलाच्या वजनावर डोस ठरतो, त्यामुळे शेजारणीच्या मुलाचा डोस स्वतःच्या मुलाला द्यायचा नाही. इथेही मी चुकले, आठ दिवसांत छान व्हायला लागली म्हणून मीच बंद केलं, सवय लागेल या भीतीने. तीन आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात आणि दुखायचं हे मूल विसरायलाही महिने लागतात, तोवर औषध चालू ठेवायचं असतं, कमी कधी करायचं ते डॉक्टर सांगतात.

औषधाबरोबर खाणं. दूध कमी करा, हे ऐकून आया नाराज होतात पण दिवसाला लिटरभर दूध बाटलीने पिणारं मूल दुसरं काही खाणार कधी, दोन वर्षांच्या मुलाला ४००-५०० मिली पुष्कळ झालं. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी कुस्करून पाण्यासकट, पपई, पेरू, भाजी घातलेलं थालीपीठ, मऊ भाकरी वरणात कुस्करून, आणि दिवसभर पाणी. बिस्किटं बंद.

आणि शी मऊ होऊन किमान दोन-तीन आठवडे जात नाहीत तोवर पॉटचं नावही काढायचं नाही. मागितलं तर डायपर द्या. मागे जातोय असं वाटतं, मलाही वाटलं, पण अडकून राहण्यापेक्षा डायपरमध्ये झालेली शी केव्हाही चांगली. शाळा गेली महिनाभर पुढे तरी चालेल.

मग हळूहळू जागा बदलायची. पहिले काही दिवस शी डायपरमध्येच, फक्त करायची बाथरूममध्ये, उभं राहून चालेल. ते जमलं की डायपर घालूनच पॉटवर बसायचं. मग डायपरच्या पट्ट्या सैल. मग डायपर काढून पॉटमध्ये अंथरायचं, अंगाला नाही. मग तेही नाही. प्रत्येक पायरीला एक आठवडा, काहींना दोन, आणि मूल अडलं तर आधीच्या पायरीवर परत यायचं, तोंड वाकडं न करता. माझ्या मुलाला सात आठवडे लागले. पाळणाघरातल्या एका मुलीला चार महिने लागले, आणि ती आज पाचवीत आहे, कुणाला आठवतही नाही.

बसवायचं जेवणानंतर वीसेक मिनिटांनी, कारण पोटात अन्न गेलं की आतडं आपोआप हलायला लागतं. पाच मिनिटं बसायचं, झाली नाही तर उठायचं. हातात मोबाइल नको, त्या नादात पोटाकडे लक्षच जात नाही. कमोडवर बसवत असाल तर छोटी सीट तर हवीच पण पायाखाली पाट ठेवा, स्टूल ठेवा, उलटी बादली ठेवा, काहीही, पाय लोंबकळत असले की जोर लागतच नाही, तुम्ही स्वतः बसून बघा. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. आपल्या साध्या संडासात तशी बसणी आपसूक होते, फक्त मुलांना त्या भोकाची भीती वाटते, तेव्हा अलीकडे जमिनीवर कागद टाकून बसवलं तरी चालतं.

आणि फुंकायला द्या काहीतरी. जत्रेत मिळते ती प्लास्टिकची पिपाणी मी बाथरूमच्या नळाला दोरीने बांधून ठेवलीये, लाल रंगाची. फुंकताना पोटाचा जोर आपोआप खाली जातो आणि मूल आवळून धरायचं विसरतं. जोर लाव म्हणण्यापेक्षा पिपाणी वाजव म्हणा.

अजून एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचंय. आपल्या मराठीत विष्ठेला शब्द शी, आणि किळस आली की तोंडातून निघतं तेही शी! दिवसभर मूल ऐकतं, शी, हात नको लावूस, शी, घाण आहे ते, शी, कसला वास येतोय. आणि मग आपणच त्याला म्हणतो, शी कर बरं छान. त्याने काय समजायचं? मी पाळणाघरातल्या मावशींना सक्त सांगून ठेवलंय, घाण दिसली तर नको म्हणा, ठेव ते म्हणा, पण शी म्हणून नाक मुरडायचं नाही. डायपर बदलताना तर अजिबात नाही. माझ्या मुलाचा चेहरा आठवतो मला, चड्डी धुताना मी एकदा शी म्हणाले आणि त्याने मान खाली घातली.

फ्लश मूल पॉटवरून उतरल्यावरच करायचा, आणि त्याला स्वतः करायचा असेल तरच त्याच्या हातून. काही मुलांना तो आवाज सहन होत नाही, त्यांना बाहेर नेऊन मग करा.

डॉक्टरांकडे कधी

चार-पाच दिवस शी नाही आणि पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारंवार रक्त दिसतंय, शू करताना रडतंय आणि ताप आहे, तर थांबू नका. आणि महिनोन्‌महिने कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा भिजवायला लागलं, तहान खूप लागतेय, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी जा आणि रक्तातली साखर तपासायला सांगा.

रात्रीचं

रात्री शू रोखणं शिकवून येत नाही. रात्री शू कमी तयार व्हावी यासाठी शरीरात एक हार्मोन वाढावं लागतं, ते प्रत्येकाचं आपापल्या वेळेला होतं, पाच वर्षांपर्यंत तर काळजीचं कारणच नाही आणि सहा-सात वर्षांची बरीच मुलंही अंथरूण ओलं करतात. चादरीखाली मेणकापड घाला, झोपण्याआधी शू करायला न्या, अर्ध्या रात्री उठवू नका.

शाळा जूनची असेल तर मेमध्येच टीचरना जाऊन स्पष्ट सांगा की शू सांगतो, शीचं अजून चालू आहे, त्याला शाळेत होत नाही म्हणून जबरदस्तीने बसवू नका. दप्तरात दोन जास्तीच्या चड्ड्या, एक हाफ पँट, एक प्लास्टिकची पिशवी. इलॅस्टिकची पँट घाला, पहिल्या वर्षी बटणं आणि चेन नको.