एलिट डेंजरसमध्ये सवारी भरताय? मग या चुका टाळा

एलिट डेंजरस हा अंतराळात जहाज उडवायचा गेम नवीन चालू केलेल्या पोरांचं एक ठरलेलं असतंय. सुरुवातीला साइडवाइंडर हे छोटं जहाज घेऊन ह्या स्टेशनवरनं त्या स्टेशनवर किरकोळ डाटा पोचवायचा, मग कुठंतरी ऐकायचं की पॅसेंजर लाउंजमध्ये, म्हणजे स्टेशनवर प्रवासी मिळतात तिथं, लय पैसा आहे, आणि मग मिळंल ती केबिन बसवून मिळंल ती सवारी उचलायची. दोन दिवसांनी तेच पोरगं वैतागून म्हणतंय की हे पॅसेंजर प्रकरण बेकार आहे, पैसे कापतात, लोक मध्येच उतरून जातात. तसं काही नसतंय भावांनो. जहाज उडवायला चुकलं म्हणून पैसे जायचं प्रमाण कमीच, बहुतेक वेळा पैसे तिथं लाउंजमध्येच गेलेले असतात, माहितीचं कार्ड नीट न वाचता मिशन घेतलं तेव्हाच.

हा गेम केंब्रिजच्या फ्रंटियर कंपनीचा, डिसेंबर २०१४ ला आलेला. पॅसेंजर मिशन त्यात २०१६ च्या अपडेटनं आली. म्हणजे प्रकार जुना आहे, नियम ठरलेले आहेत, फक्त गेम ते नीट समजावून सांगत नाही.

केबिन म्हणजे वडाप न्हवं

आपल्याकडं गंगावेशीतनं सुटणाऱ्या वडापात "सरका की जरा" म्हटलं की अजून दोघं बसतात. इथं तसलं चालत नाही. केबिनचे चार दर्जे आहेत: इकॉनॉमी, बिझनेस, फर्स्ट क्लास आणि लक्झरी. आणि एकाच साइजच्या केबिनमध्ये दर्जाप्रमाणं सीटा बदलतात. साइज ४ ची इकॉनॉमी घेतली तर ८ जण बसतात, त्याच जागेत बिझनेस बसवली तर ६, आणि फर्स्ट क्लास केली तर फक्त ३. साइज ६ मध्ये इकॉनॉमीला ३२ आणि लक्झरीला ८.

आता खरी मेख इथं आहे. लाउंजमध्ये दोन प्रकारची गिऱ्हाईकं असतात. एक घाऊक, म्हणजे २० जण निर्वासित, १४ जण कामगार, असल्या टोळ्या. ह्यांना तोडून दोन-तीन केबिनमध्ये बसवलं तरी चालतंय. दुसरे व्हीआयपी. व्हीआयपी माणूस एकटा असला तरी त्याला अख्खी केबिन लागते, आणि त्याच्यासोबत पाच जण असले तर ते सहाच्या सहा एकाच केबिनमध्ये बसले पाहिजेत, तुमच्याकडं तीन-तीन सीटच्या दोन फर्स्ट क्लास केबिना रिकाम्या असल्या तरी उपयोग नाही. वरच्या दर्जाच्या केबिनमध्ये खालचा माणूस बसतो, उलटं जमत नाही. "केबिन रिकामी आहे तरी मिशन घ्यायचं बटण चालू होईना" ही तक्रार दहातल्या आठ वेळा ह्यामुळंच असते. राहिलेल्या दोन वेळा तुमची रँक किंवा मिशन देणाऱ्या फॅक्शनबरोबरची (गेममधल्या गटाबरोबरची) ओळख कमी पडते, ते कार्डवर लिहिलेलं असतंय.

लक्झरी केबिनचं अजून एक. ती कुठल्याही जहाजात बसत नाही. सॉड क्रूगर कंपनीची तीन प्रवासी जहाजं आहेत गेममध्ये, डॉल्फिन, ओर्का आणि बेलुगा, फक्त त्यांच्यातच. त्यामुळं टाइप-६ मध्ये लक्झरी का दिसत नाही म्हणून आउटफिटिंगच्या (जहाजाला भाग बसवायच्या) यादीत तासभर शोधत बसू नका.

पैसे बघितले, अंतर बघितलंच नाही

ही चूक सगळ्यात महागात पडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. कार्डवर मोठ्या अक्षरात रक्कम असते आणि सिस्टिमचं (तारा आणि त्याच्याभोवतीचे ग्रह) नाव असतं, सिस्टिम १२ लाइट इयरवर, म्हणजे एका जंपमध्ये पोचलो, असं वाटतं. पण सिस्टिममध्ये पोचणं वेगळं आणि स्टेशनला पोचणं वेगळं. तुम्ही जंप मारून मुख्य ताऱ्यापाशी बाहेर पडता, तिथनं पुढं स्टेशनपर्यंत सुपरक्रूझनं, म्हणजे सिस्टिमच्या आतल्या वेगवान उड्डाणानं, जायचं असतंय आणि ते अंतर लाइट सेकंदात मोजतात. अंदाज यावा म्हणून, आपल्या सूर्यापासून पृथ्वी साधारण ५०० लाइट सेकंदांवर आहे आणि नेपच्यून १५,००० च्या आसपास. हजार-दोन हजार असलं तर चहा गरम असेपर्यंत पोचता. दोन-तीन लाख असलं तर मग बसा स्क्रीनकडं बघत.

ह्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अल्फा सेंटॉरी सिस्टिममधलं हटन ऑर्बिटल. जंपनंतर बाहेर पडता त्या ताऱ्यापासून ०.२२ लाइट इयर, लाइट सेकंदात जवळपास ६८ लाख. साध्या सुपरक्रूझनं तासाभराच्या वर सरळ रेषेत उडत राहायचं, दुसरं काही नाही. नवख्यांना जुने खेळाडू सांगतात की तिथं गेलं की अॅनाकोंडा (मोठं महागडं जहाज) फुकट मिळते. मिळत नाही. वर अॅनाकोंडाला मोठा पॅड (उतरायची जागा) लागतो आणि हटनला मोठा पॅडच नाही, म्हणजे थापसुद्धा नीट विचार करून मारलेली. २०२४ पासून सुपरक्रूझ ओव्हरचार्जवाले (अजून वेग देणारे) ड्राइव्ह आलेत त्यामुळं लांबची स्टेशनं थोडी सुसह्य झालीत, पण तो ड्राइव्ह इंधन पितो आणि जहाज तापवतो, नवीन असाल तर जपून.

तर करायचं काय? मिशन घेण्याआधी तपशिलात अंतर बघा, खात्री वाटत नसेल तर सिस्टिम मॅप उघडून त्या स्टेशनवर क्लिक करा. माझा स्वतःचा हिशोब सोपा आहे, रक्कम किती ते बघायचं नाही, तासाला किती पडतात ते बघायचं.

असंच फसवणारं दुसरं कार्ड म्हणजे लांबच्या सहली. गेममध्ये आपली अख्खी आकाशगंगा आहे, आणि एखादा श्रीमंत पर्यटक म्हणतो मला मध्यावरचं कृष्णविवर दाखवा, सॅजिटेरियस ए. ते सूर्यापासून जवळपास २६,००० लाइट इयर. तुमची जंप २० लाइट इयरची असेल तर एका बाजूनं १,३०० जंप झाल्या, प्रत्येकीला एक मिनिट धरलं तरी २१ तासांच्या वर, आणि तो गडी परत आणून सोडायचाय. रक्कम कोटीत दिसते म्हणून कुणी घेतं आणि तिसऱ्या संध्याकाळी गेम अनइन्स्टॉल करतं. फिरायची हौस असेल तर नक्की घ्या, कमाईसाठी नको.

मुदतीचं घड्याळ गेम बंद केल्यावरही चालतं

मिशनची मुदत खऱ्या वेळेत मोजली जाते. तुम्ही लॉगआउट करून झोपलात, ड्यूटीला गेलात, लग्नाला सांगलीला गेलात, तरी ते कमी होतच राहतं. आणि सोलो मोडमध्ये खेळलात तरी ह्या गेमला नेट लागतंय. आपल्याकडं जून-जुलैत पाऊस लागला की लाईट कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळं रात्री अकराला सहा तास शिल्लक असलेलं मिशन उचलायचं धाडस करू नका. राउटरला छोटा यूपीएस असला तर लय बरं. सुपरक्रूझमध्ये असताना नेट गेलं तर फार काही बिघडत नाही, परत लॉगिन केलं की सवारी आतच असते.

पॅड बघा आधी

आमच्या गल्लीतलं एक पोरगं, बारावी झालेलं, महिनाभर घासून पैसे जमवले आणि थेट ओर्का घेतली. रात्री फोन, "दादा, ह्यो टॉवर परवानगीच देईना झालाय, तीनदा मागितली." म्हटलं कुठं आहेस, तर आउटपोस्टवर, म्हणजे छोट्या स्टेशनवर. आउटपोस्टला फक्त लहान आणि मध्यम पॅड असतात, ओर्का आणि बेलुगा दोन्ही मोठ्या पॅडच्या. बाहेर घिरट्या घालत बसला असता वर्षभर तरी उपयोग नव्हता. "आन मग ह्या १४ जणांचं काय करू?" काय करणार, मिशन सोडलं आणि फॅक्शनकडं नाव खराब झालं.

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिलं प्रवासी जहाज डॉल्फिनच घ्या. जहाजाची मूळ किंमत साधारण १३ लाख क्रेडिट, ओर्काला ४ कोटी ८५ लाखांच्या आसपास लागतात. डॉल्फिन लहान पॅडवर उतरते म्हणजे कुठंही उतरते, लक्झरी केबिन घेते, आणि गरम होत नाही, ताऱ्याजवळ इंधन भरताना हे फार कामाला येतं. घाऊक माणसं न्यायची असतील तर पुढं पायथन बघा, मध्यम पॅडमधलं ते मोठं धूड आहे. रोबिगो माइन्स ते सोथिस ही सहलीची प्रसिद्ध फेरी लोक पायथननंच करतात ते ह्याचमुळं, रोबिगोला मोठा पॅड नाही.

आणि जहाज घेताना खिशात रिबायचे पैसे ठेवा. जहाज फुटलं तर एकूण किमतीच्या ५ टक्के भरून परत मिळतं, ते नसतील तर परत साइडवाइंडर.

चार सीटांसाठी शील्ड काढू नका

हिशोबी लोक हे हमखास करतात. शील्डची (संरक्षक कवचाची) जागा मोकळी केली की अजून एक केबिन बसते ना. बसते. मग स्टेशनच्या मेलस्लॉटमधनं (आत शिरायच्या फटीतनं) आत जाताना कडेला जरा घासलं की थेट हलला, म्हणजे जहाजाच्या अंगाला, मार, आणि सवारीचा मूड उतरला. काही व्हीआयपींची अटच असते की जहाजाला ओरखडा नको, असले लोक जास्तच नाराज झाले तर एस्केप पॉडमधनं निघून जातात आणि तुमचे पैसे त्यांच्याबरोबर. उजव्या पॅनलमध्ये इन्व्हेंटरीत केबिनची यादी असते, तिथं कोण कसं आहे ते अधूनमधून बघत जा.

स्टेशनला जातानाचं थोडक्यात: ७.५ किलोमीटरच्या आत आल्यावरच डॉकिंग मागा, हिरवे दिवे उजव्या हाताला ठेवून आत शिरा, वेग १०० च्या खाली. त्याच्या वर असताना कुणाला धडकलात तर दंड तुम्हाला, चूक त्याची असली तरी. डॉकिंग कॉम्प्युटर लावायला लाजू नका. आणि सुपरक्रूझमधनं येताना पोचायला किती वेळ ते दाखवणारं घड्याळ ०:०६ वर आलं की थ्रॉटल (वेगाचा दांडा) ७५ टक्क्यांवर आणून सोडा, नाहीतर स्टेशन मागं जातं आणि मोठा वळसा पडतो.

वाटेत कुणी इंटरडिक्ट केलं, म्हणजे सुपरक्रूझमधनं ओढून बाहेर काढलं, तर नवख्यानं झुंजायचं नाही. थ्रॉटल शून्य करून शरण जा, म्हणजे ड्राइव्ह लवकर परत तयार होतो आणि नुकसान होत नाही. मग बूस्ट मारत दुसऱ्या सिस्टिमला जंप, त्याच सिस्टिममध्ये सुपरक्रूझला नको, कारण समोरचं जहाज मोठं असलं तर मास लॉकमुळं (मोठं जहाज जवळ असलं की ड्राइव्ह हळू तयार होतो) ते रखडतं. दुसऱ्या सिस्टिमच्या जंपला समोरच्या जहाजाचा मास लॉक लागत नाही.

कोण बसलाय ते बघा

कार्डवर "इल्लीगल" खूण असेल तर तो माणूस वॉन्टेड आहे. पैसे चांगले असतात, पण स्टेशनपाशी पोलिसांनी स्कॅन केलं की दंड. सायलेंट रनिंग (स्कॅनरला न दिसता उडणं) वगैरे जमायला लागलं की मग घ्या असले. काहीजण गुन्हेगार नसतात पण स्कॅन झालेलं त्यांना खपत नाही, तेही कार्डवर असतं. आणि व्हीआयपींची मध्येच फर्माइश येते, अमुक माल एक टन आणून द्या. दिलं तर खूश, नाही दिलं तर तोंड पाडून बसतात. म्हणून साइज १ चा कार्गो रॅक ठेवा, २ टन मावतात, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

इंधन

प्रवासी भरलेल्या जहाजात फ्युएल स्कूप (ताऱ्यातनं इंधन घेणारा भाग) नसणं हा शुद्ध वेडेपणा आहे. पण प्रत्येक ताऱ्यातनं इंधन मिळत नाही, फक्त के, जी, बी, एफ, ओ, ए आणि एम ह्या प्रकारच्या. गॅलेक्सी मॅपमध्ये हे सात तेवढे निवडून रूटला फिल्टर लावता येतो, तो लावा. तपकिरी बटुक्या ताऱ्यांच्या भागात शिरलात की जंपमागून जंप कोरडी जाते. न्यूट्रॉन तारा आणि पांढऱ्या बटूच्या झोतात सवारी घेऊन घुसू नका. तरीही इंधन संपून अडकलात तर जागीच सुपरक्रूझमधनं बाहेर या, मेन मेन्यूत लॉगआउट करा, म्हणजे ऑक्सिजनचं घड्याळ थांबतं, आणि फ्युएल रॅट्सना हाक मारा. २०१५ पासून हे खेळाडू फुकटात अनोळखी लोकांना इंधन नेऊन देतायत. मुदत मात्र चालू राहते हे ध्यानात ठेवा.

अजून दोन अडचणी, वारंवार विचारल्या जाणाऱ्या

टुरिस्ट बीकन (सहलीच्या जागेवरची खूण) सापडला पण मिशन पुढं सरकत नाही: नुसतं जवळ जाऊन भागत नाही. बीकन टार्गेट करा, जहाजाचं नाक त्याच्याकडं धरा, आणि स्कॅन पुरा होईपर्यंत तसंच थांबा. काही बीकन ग्रहाच्या पृष्ठभागावर असतात, तिथं हळू उतरा, जड गुरुत्वाकर्षणाचा ग्रह असला तर फारच हळू.

स्कॅन झाला, पैसे कुठं आहेत: सहलीच्या मिशनमध्ये सवारी जिथनं उचलली तिथंच परत सोडायची असते. आणि परत आल्यावर मिशन बोर्डवर शोधत बसू नका, पॅसेंजर लाउंजमध्येच जा, ज्या फॅक्शनकडनं घेतलं होतं त्याच्या नावावर क्लिक करा, पूर्ण झालेलं मिशन तिथं दिसतं. त्याच वेळी बक्षीस निवडायला विचारतात, जास्त क्रेडिट की जास्त ओळख. नवीन स्टेशनवर सुरुवातीची चार-पाच मिशनं ओळख घ्या, मग त्याच लाउंजमध्ये बरी कार्डं दिसायला लागतात.