बाळ रडलं नाही तर आधी हवा द्या

लेबर रूमला नवीन ड्युटी लागलेल्यांसाठी लिहितेय. साधारण दहातल्या एका बाळाला जन्मल्यावर श्वास सुरू करायला थोडीफार मदत लागते, आणि छाती दाबणं किंवा औषधं देणं इथपर्यंत जाणारी बाळं शंभरात एकसुद्धा नसतात. हे मला पाठ होतं, तरी पहिल्यांदा निळं, लुळं बाळ हातात आलं तेव्हा मी सक्शन केलं (नळीने तोंड-नाकातलं पाणी ओढून काढलं), पाठ चोळली, परत सक्शन केलं, शेवटी सिनियर सिस्टरनी मास्क माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाल्या, "हवा दे गं त्याला." बाळ रडलं नंतर, पण ते वाया गेलेले सेकंद मला अजून आठवतात.

बाळाच्या फुप्फुसात पोटात असताना पाणी असतं, ते बाजूला सारून हवा भरायची असते. ऑक्सिजन कमी पडून श्वास थांबला असेल तर सुरुवातीला चोळल्यावर बाळ श्वास घेतं, पण जास्त वेळ झाला असेल तर कितीही चोळा, घेत नाही, आणि नुसतं बघून यातलं कुठलं ते कळत नाही. म्हणून पुसून कोरडं करायचं, ऊब द्यायची, मान सरळ करायची, गरज वाटली तर आधी तोंड मग नाक साफ (नाक आधी केलं तर बाळ दचकून श्वास ओढतं आणि तोंडातलं आत जातं), आणि तरी श्वास नसेल तर एका मिनिटाच्या आत बॅग-मास्क (तोंड-नाकावर मास्क बसवून हाताने पिशवी दाबत हवा देणं) सुरू. अपगार (जन्मल्यावर बाळाच्या अवस्थेला द्यायचे गुण) लिहायचाच आहे, पण त्यासाठी थांबायचं नाही.

मिनिटाला 40 ते 60 श्वास, "दाब, दोन, तीन" असं तोंडाने म्हणत. नजर छातीवर. छाती हलत नसेल तर नवीन लोक बॅग जोरात दाबतात, मीही दाबायचे, पण बहुतेक वेळा हवा मास्कच्या कडेने निसटत असते. आधी मास्क परत बसवा, मान बघा, तोंड-नाक साफ करा, तोंड थोडं उघडा, दाब वाढवायचा तो त्यानंतर.

रंगाकडे बघून घाबरू नका, पहिल्या मिनिटाला सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) 60-65 टक्के असणं नॉर्मल आहे, 5 मिनिटांनी 80-85. दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करतात. खरी खूण म्हणजे हृदयाचे ठोके, 6 सेकंद मोजा आणि 10 ने गुणा. हवा नीट जात असेल तर आधी ठोके वाढतात. छाती हलतेय अशी हवा 30 सेकंद देऊनही 60 च्या खाली असतील तरच छाती दाबायची, 3 वेळा दाब आणि 1 श्वास, आणि मदतीला माणूस तर त्याच्या कितीतरी आधीच बोलवा.

ड्युटीवर आल्या आल्या मास्क तळहातावर घट्ट धरून बॅग दाबून बघा, हाताला दाब जाणवला पाहिजे. मॅनिकिनवर (सरावाच्या बाहुलीवर) रोज 5 मिनिटं हात बसवा, वाचून मास्क धरता येत नाही.

आणि आई तिथेच पडून रडण्याचा आवाज ऐकायला कान लावून असते, तिला कुणीतरी सांगा की बाळाला श्वास घ्यायला मदत करतोय. मी हे काम आता आधीच एकीला वाटून देते.