फोटोंचा व्हिडिओ करताय? मग या चुका तरी टाळा

आमच्या नात्यात कुणाची साठी, मुंज किंवा पंचाहत्तरी ठरली, की कार्यालयवाल्याच्या पाठोपाठ मला फोन येतो. "जुन्या फोटोंचा छोटासा व्हिडिओ करशील ना? अर्ध्या तासाचं तर काम!" नसतं ते अर्ध्या तासाचं. पन्नास फोटोंना माझे दोन रविवार जातात, आणि त्यातला दीड रविवार सॉफ्टवेअर उघडण्याआधीच संपतो. हल्ली भाचेमंडळी स्वतःच करायला बसतात, ते उत्तमच. पण सगळे एकाच खड्ड्यात पडतात.

त्या खड्ड्याचं नाव प्रोजेक्ट फाइल.

मामांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. कर्वे रस्त्याजवळचं कार्यालय, दीडशे माणसं, पानं मांडण्याआधी व्हिडिओ दाखवायचा बेत. भाच्याने ऐटीत पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्हीला फाइल ओळखताच येईना. मग कुणाचा तरी लॅपटॉप आला, त्यात सुदैवाने तेच सॉफ्टवेअर होतं. उघडून बघतो तर प्रत्येक फोटोच्या जागी 'फाइल सापडत नाही'. गाणंही नाही. शीर्षक तेवढं झळकलं, 'सहस्त्रचंद्रदर्शन', आणि पुढे चार मिनिटं काळा पडदा. पहिल्या रांगेतून आत्याचा आवाज आला, "अरे, सहस्र! त्यात त कुठून आला?" म्हणजे दिसलं ते एवढंच, आणि तेही अशुद्ध.

झालं होतं असं, की भाच्याने आणली होती ती प्रोजेक्ट फाइल, आणि तिच्यात फोटो नव्हतेच. कुठला फोटो, कितव्या सेकंदाला, किती वेळ, मागे कुठलं गाणं, एवढी यादी तिच्यात होती. फोटो घरच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर. आचारी यादी घेऊन आला आणि सामान दुकानातच राहिलं! काम संपलं की 'सेव्ह' नाही, 'एक्सपोर्ट' किंवा 'रेंडर' करायचं, म्हणजे फोटो-गाणी एकत्र होऊन खरा व्हिडिओ तयार होतो. फॉरमॅट एमपी४, कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) एच.२६४, चित्राची मापं १९२० बाय १०८० पिक्सेल. बहुतेक टीव्ही हे निमूट चालवतात. मग फाइलचा आकार बघा. चार मिनिटांचा व्हिडिओ शंभर-दोनशे एमबीच्या घरात असायला हवा. केबीत दिसला तर तो व्हिडिओ नव्हे.

माझी सवय अशी: सुरुवातीलाच कार्याच्या नावाचा एक फोल्डर करायचा, त्यात 'फोटो', 'गाणी' आणि 'तयार' असे तीन. बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आधी त्यात टाकायची, मगच सॉफ्टवेअरमध्ये घ्यायची. पेन ड्राइव्हवरून थेट फोटो ओढायचे नाहीत. ड्राइव्ह काढला की फोटो गेलेच. आणि काम अर्ध्यावर असताना फोल्डरचं नाव बदलून 'फायनल नवीन २' असलं काही करू नका.

दुसरी चूक व्हॉट्सॲपची. "सगळे फोटो ग्रुपवर टाका" असं सांगितलं की झालंच. मोबाइलवर छान दिसणारा फोटो कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर रांगोळी विस्कटल्यासारखा दिसतो, कारण पाठवतानाच तो दाबून लहान केलेला असतो. एकदा माझ्याकडे आलेला फोटो २०० केबीचा होता आणि मूळ फोनमध्ये तोच ४ एमबीचा! फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. दहापैकी सात जण तरी ऐकणार नाहीत. त्यांच्याकडे मी केबल घेऊन जाते, चहाही होतो.

अल्बममधल्या जुन्या फोटोंचं तर विचारूच नका. ट्यूबलाइटखाली अल्बम उघडायचा, वरचा प्लॅस्टिकचा कागदही न काढता मोबाइलने फोटो काढायचा, आणि मावशीच्या कपाळावर कुंकवाऐवजी ट्यूब! फोटो अल्बममधून सोडवा. चिकटला असेल तर ओढू नका. दात साफ करायचा दोरा मागून हळूहळू सरकवा. ४ बाय ६ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. पुढे चेहऱ्यावर झूम करायचा मोह होणारच आहे, तेव्हा ते लागतात. स्कॅनर नसेल तर सकाळी गॅलरीत, उन्हात नाही, सावलीत, फोटो सपाट ठेवून वरून टिपा.

आता आत्याकडे वळू. शीर्षकं आधी कागदावर लिहून घरातल्या सगळ्यात कटकट्या माणसाला दाखवा. शिवाय काही सॉफ्टवेअरना देवनागरी जोडाक्षरं झेपत नाहीत. 'हार्दिक'ची वेलांटी भलतीकडेच जाऊन बसते. मी शीर्षकं लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये युनिकोड फॉन्टमध्ये करते, स्लाइड पीएनजी चित्र म्हणून काढते आणि फोटोसारखीच व्हिडिओत घालते.

बाकीच्या चुका किरकोळ, पण डोकं उठवणाऱ्या. उभा फोटो पडदा भरायला आडवा ताणू नका. काकू आहेत त्याहून रुंद दिसतात आणि बोलणी तुम्हाला बसतात. मागे त्याच फोटोची धूसर प्रत ठेवा. फाइलींना ००१, ००२ असे क्रमांक द्या, नाहीतर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० लावतात आणि लग्नाआधी बारसं येतं. तारखेने लावायला जाऊ नका, स्कॅनला आजचीच तारीख असते. तीन मिनिटांच्या गाण्यात पाच सेकंदांचे छत्तीस फोटो बसतात, साठ नाही. उरलेले वगळायचे, मग कुणाला राग येवो. चांदण्या उडणारे, पान उलटणारे इफेक्ट एकदाच वापरा. खरं म्हणजे वापरूच नका. व्हिडिओ जोडायचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज मूव्ही मेकर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केलं. ते अजून कुठल्या तरी साइटवरून उतरवून व्हायरस घरी आणू नका. त्याच कामाची शॉटकट, केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. शिकायला एक संध्याकाळ लागते, ती द्या.

आणि रेंडर गुरुवारी लावू नका. आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज जाते ती नेमकी त्याच दिवशी, आणि माझा एक व्हिडिओ ९४ टक्क्यांवर गेलेला आहे.