न वाकता टोकण: दांडा आणि पाइपचं घरगुती अवजार

उपट्या (उभ्या वाढणाऱ्या, न पसरणाऱ्या) भुईमुगाची टोकण ३० × १० सेंमीवर केली तर एका गुंठ्यात सुमारे ३,३७० बिया पडतात. तेवढ्या वेळा कंबर वाकते. टोकणीत खरं तर तीनच हालचाली आहेत: खड्डा, बी, माती ओढणं. पहिल्या दोन एका अवजारात बसवल्या आणि अंतरही त्यातच बांधलं, तर वाकायचं कारण उरत नाही.

सामान असं: फावड्याचा जुना दांडा (११० सेंमी लांब, साडेतीन सेंमी जाड), ३२ मिमीचा पीव्हीसी पाइप ८५ सेंमी, २५ सेंमीच्या दोन लाकडी पट्ट्या, दोन पाइप क्लॅम्प, स्क्रू आणि पाण्याची रिकामी बाटली.

दांड्याचं खालचं ५ सेंमी टोक तासून २ सेंमी जाडीची खुंटी करा. जिथे जाडी बदलते तिथे सपाट खांदा ठेवा. दाबल्यावर खांदा जमिनीला टेकतो आणि खुंटी आणखी खोल जात नाही, म्हणून प्रत्येक खड्डा ५ सेंमीचाच होतो. खुंटीचं टोक बोथट गोल हवं. ते पेन्सिलीसारखं टोकदार केलं तर बी खड्ड्यात मध्येच अडकतं, खाली पोकळी राहते आणि मुळाला ओल मिळत नाही. सोयाबीनला ३ सेंमी खोली पुरते. त्यासाठी जुन्या टायरचा २ सेंमी जाडीचा गोल तुकडा भोक पाडून खुंटीवर चढवा.

पाइपचं खालचं तोंड ४५ अंशांत तिरकं कापा. तिरका काप मागे, म्हणजे आपल्याकडे ठेवा, त्यातून खड्डा दिसतो. दोन्ही पट्ट्या दांड्याला प्रत्येकी दोन स्क्रूंनी पक्क्या करा, एक जमिनीपासून १५ सेंमीवर, दुसरी ७० सेंमीवर. एकाच स्क्रूवर ठेवल्या तर सांगाडा तिरपा होतो आणि अंतर चुकतं. पाइप पट्ट्यांना क्लॅम्पने बसवा. त्याचं तोंड दांड्याच्या खांद्यापेक्षा अर्धा सेंमी वर राहू द्या, नाहीतर मातीने बुजेल. वर बाटलीचा गळ्याकडचा भाग कापून उलटा खोचा, नरसाळं तयार.

सगळ्यात महत्त्वाचं माप खुंटीच्या मध्यापासून पाइपच्या मध्यापर्यंतचं. भुईमुगाला १० सेंमी, भेंडीला १५, मक्याला २०. पट्टीवर तिन्ही जागी क्लॅम्पची भोकं आधीच पाडून ठेवा.

पहिला खड्डा मोकळाच करा. मग अवजार उचलून पुढे न्या, पाइपचं तोंड त्या खड्ड्यावर आणा आणि दाबा: पुढचा खड्डा आपोआप नेमक्या अंतरावर पडतो. त्याच वेळी दुसऱ्या हाताने नरसाळ्यात बी टाका, ते मागच्या खड्ड्यात जातं. पुढचं पाऊल टाकताना पायाने माती ओढा आणि टाचेने हलकं दाबा. हे दाबणं टाळू नका, बियाला माती चिकटून बसली तरच उगवण सारखी होते. ओळ सरळ राहावी म्हणून आधी सुतळी ताणा. बियाणं कमरेच्या पिशवीत ठेवा. बुरशीनाशक लावलेलं असेल तर ओटीत घेऊ नका आणि हातात मोजे घाला.

अवजार बिघडण्यापेक्षा जमीन चुकीची असल्यानेच काम जास्त अडतं. माती ओली असेल तर खुंटीबरोबर ढेकूळ उचललं जातं आणि खड्ड्याच्या कडा चोपडल्या जाऊन कडक होतात. कोरडी असेल तर बी पडण्याआधीच खड्डा ढासळतो. म्हणून वापसा येईपर्यंत थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा, तो फुटला तर टोकण सुरू करा. काळ्या जमिनीत खुंटीला माती चिकटतेच. तिला पॉलिश पेपरने गुळगुळीत करून मेण घासलं तर बराच फरक पडतो.

बी पाइपला चिकटत असेल तर दोन कारणं तपासा. एक, रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारे जिवाणू) गुळाच्या पाण्यात लावलेलं बियाणं सावलीत नीट सुकलेलं नाही. दोन, पाइपच्या आत सकाळचं दव आहे. काठीला फडकं गुंडाळून ते पुसून घ्या. पाइप कापताना आत राहिलेला खरबरीत काठही बी अडवतो, तो कानशीने घासून काढा.