प्रागमध्ये मित्रांसोबत दोन दिवस: या चुका टाळा

जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्समध्ये शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी मंडळींचा प्रागचा बेत साधारण एकाच साच्याचा असतो. शुक्रवारी रात्री पोचायचं, रविवारी संध्याकाळी परतीची गाडी. हाताशी जेमतेम दोन दिवस, आणि बरेच ग्रुप ते दोन दिवस नेमके उलटे लावतात.

शनिवारी ओल्ड टाउन आणि शेजारचा ज्यू मोहल्ला योसेफोव्ह, रविवारी सकाळी नदीपलीकडचा किल्ला, ही आखणी नकाशावर छान दिसते. पण शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी ज्यू म्युझियमची सगळी ठिकाणं बंद असतात, पिंकास सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि जुनी दफनभूमीसुद्धा. रविवारी किल्ल्यावर पोचावं तर सेंट व्हिटस कॅथेड्रलमध्ये मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, चालू असते आणि दुपारी बारापर्यंत पर्यटकांना आत सोडत नाहीत. दोन्ही दिवशी बंद दार बघून परतायची वेळ येते.

म्हणून शनिवारी किल्ला. २२ नंबरची ट्राम पकडून ‘प्राझ्स्की ह्राद’ स्टॉपला उतरा. किल्ल्याच्या पायथ्याच्या माला स्त्राना भागातून चढत आलात तर पायऱ्यांवरच दम निघतो. ट्रामने वर जा आणि उतरताना पायी या. आवारात फुकट फिरता येतं, तिकीट लागतं ते इमारतींसाठी, आणि त्या सकाळी नऊला उघडतात. हिवाळ्यात इमारती चारलाच बंद होतात हे लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी योसेफोव्ह. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोरावियातल्या (आजच्या चेकियातल्या) सुमारे ८०,००० ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. आडनाव, नाव, जन्मतारीख, मग पुढचं घराणं, अशी भिंतभर. इथे पुरुषांनी डोकं झाकायचं असतं आणि ग्रुप फोटोचा उत्साह बाहेर ठेवायचा असतो. दफनभूमी धरून निवांत दीड-दोन तास द्या.

चार्ल्स ब्रिज दोन्हीपैकी कुठल्याही दिवशी चालेल, पण सकाळी सातच्या आत. ५१६ मीटरच्या पुलावर अकरा वाजता फक्त पुढच्याची पाठ दिसते. ओल्ड टाउनमधल्या १४१० सालच्या खगोलीय घड्याळाचा खेळ दर तासाला होतो आणि एका मिनिटाच्या आसपास आटोपतो. सगळे माना वर करून उभे असतात, तेव्हा खिसेकापूंना आयती संधी. पाकीट पुढच्या खिशात ठेवा.

पैशांची गंमत

चेकिया युरोपियन युनियनमध्ये आहे, पण चलन युरो नाही, कोरुना आहे. एका युरोला साधारण २४-२५ कोरुना. बऱ्याच दुकानांत युरो घेतात, मात्र दर त्यांच्या मर्जीचा. एटीएम किंवा कार्ड मशीनने ‘युरोत वळवून देऊ का?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणा आणि कोरुनातच व्यवहार करा. वळवून घेतलंत तर त्या मशीनचा दर लागतो, तुमच्या बँकेचा नाही. शंभर युरोमागे बरेच युरो असेच जातात.

रस्त्यावर कोणी ‘चांगला दर देतो’ म्हणत आलं तर थांबूच नका. हातात हंगेरियन फोरिंट किंवा बाद झालेल्या बेलारूसी नोटा पडतात. अधिकृत काउंटरवर बदलून घेतलेत आणि दर वाईट निघाला, तरी उपाय आहे. १,००० युरोपर्यंतचा रोख व्यवहार तीन तासांच्या आत त्याच काउंटरवर रद्द करता येतो, २०१९ पासून तसा कायदाच आहे. म्हणून पावती जपून ठेवा. खरं तर कॉन्ट्रीसाठी एकाने थोडी रोकड काढावी, बाकी सगळं कार्डावर भागतं.

तिकीट शिक्क्याशिवाय कागदच

प्राग मेट्रोला गेट नाही, म्हणून लोक थेट आत चालत जातात. कागदी तिकिटावर पहिल्या प्रवासाआधी पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारावा लागतो. ही मशीन सरकत्या जिन्याच्या आधी असतात, फलाटावर नाहीत. खाली पोचल्यावर आठवलं तर परत वर जा. नामेस्ती मीरू स्टेशनवर तो जिना ८७ मीटर लांब आहे! ट्राममधल्या कार्ड मशीनवर घेतलेलं तिकीट मात्र आधीच वैध असतं, त्यावर पुन्हा शिक्का मारायचा नाही. २४ तासांचा पास शिक्क्याच्या वेळेपासून धरतात, मध्यरात्रीपासून नाही. शुक्रवार रात्र ते रविवार संध्याकाळ असा बेत असेल तर ७२ तासांचा सोयीचा.

खाणंपिणं

चौकातल्या स्टॉलवर भाजलेल्या हॅमच्या पाटीवरचा आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो. विक्रेता न विचारता भलामोठा तुकडा कापतो आणि बिल बघून तोंड उघडं राहतं. ‘स्तो ग्रामू’, म्हणजे शंभर ग्रॅम, असं आधीच सांगा आणि वजनकाट्याकडे बघा. शाकाहारींनी मेन्यूत ‘बेझमासा यीड्ला’ हा मथळा शोधावा. ‘स्माझेनी सीर’ म्हणजे तळलेलं चीज हमखास मिळतं, पण सोबतच्या टार्टर सॉसमध्ये अंडं असतं. सूप विचारूनच घ्या, साध्या बटाट्याच्या सूपमध्येही बेकन निघतं. दुपारचं स्वस्त मेन्यू सोमवार ते शुक्रवारच असतं, शनिवारी त्याच्या भरवशावर राहू नका.

पबमध्ये टेबलावरच्या चिठ्ठीवर प्रत्येक बिअरची रेघ ओढतात. जुन्या वळणाच्या ठिकाणी ग्लास संपला की न मागता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासवर कोस्टर ठेवा. बिल वेगवेगळं हवं असेल तर बसतानाच सांगा, चार तासांनी रेघा वाटून घेणं वेटरलाही जमत नाही. ‘रेझेर्वे’ची पाटी असलेल्या टेबलावर परस्पर बसू नका. पाचच्या वर माणसं असतील तर शुक्रवार-शनिवारचं टेबल आधीच बुक करा.

रात्री मेट्रो बंद झाल्यावर ९१ ते ९९ नंबरच्या ट्राम धावतात आणि सगळ्या लाझार्स्का स्टॉपला भेटतात. रस्ता चुकलात तर तिथे पोचा. दहानंतर शांततेचा नियम आहे. जुन्या इमारतींच्या आतल्या चौकात आवाज घुमतो, तुमचं हळू बोलणंही चौथ्या मजल्यावर ऐकू जातं.

आणि पासपोर्ट. जर्मनीचं निवासकार्ड खिशात आहे म्हणून तो घरी ठेवू नका. भारतीय नागरिकाला दोन्ही जवळ बाळगावी लागतात, आणि परतताना सीमेवर जर्मन पोलीस गाडीत येऊन तपासतात. बर्लिनची गाडी कुठून सुटते तेही तिकिटावर वाचा. बहुतेक गाड्या ‘ह्लाव्नी नाद्राझी’ (मुख्य स्टेशन) आणि ‘होलेशोव्हित्से’ दोन्हीकडे थांबतात, बसचा मुख्य तळ मात्र फ्लोरेंत्सला. सामान लॉकरमध्ये ठेवायचं तर ज्या स्टेशनवरून निघणार आहात तिथेच ठेवा.